आष्टीचं बंद जिनिंग

आष्टी, ९ नोव्हेंबर १९५५
आजही कापसाच्या गाड्या आपल्या जिनिंगसमोरून परतूरला गेल्या. भिवाजी धनगरानं गाडी थांबवली. "वयनी, इथं यंत्र असून आमी परतूरला दोन दोन दिस पडून राह्यलो. सरकी काढायचा दर ते म्हनतील तो." हे वारण्याआधी परतूरच्या चार जिनिंगवाल्यांशी करार करून गेले. आपलं बंद ठेवायचं, त्यांच्या नफ्यात हिस्सा घ्यायचा. चौघांचे पुढारी जेठजीच, यांचे सख्खे थोरले भाऊ.

१४ नोव्हें.
जालन्याला वकिलांकडं गेल्ते. म्हणाले, "धंदाच करू नका, असा करार कायदा मानत नाही. पण ते म्हणतील, ही भागीदारी आहे. मग कोर्ट काय ठरवेल, छातीठोक सांगता येत नाही. हिस्सा ठेवला तर करार मानल्यासारखं होईल; आधी या हंगामाचा परत करा."
केला.

२० नोव्हें.
जिनिंगचे मिस्त्री करीमभाई इंजिन खोलून बसलेत. "चलेगा बाई, जल्दी मत करो." जेठजींनी सासूबाईंकडून विचारलं, घरचं भांडण बाजारात न्यायचं का? सासूबाईंनी निरोप तेवढा दिला. स्वतःचं काही न्हाई. दोघं त्यांचेच लेक. एक राह्यला.

२८ नोव्हें.
इंजिन सुरू. पहिली गाडी भिवाजीची. दर परतूरपेक्षा कमी ठेवला. दुपारपर्यंत रस्ता गाड्यांनी भरला.

३ डिसेंबर
परतूरच्या प्रेसवाल्यानं आपल्या सरकी काढलेल्या रुईच्या गाठी बांधायला नकार दिला. "तुमचा माल घेतला तर ते चौघं माझ्याकडं येणार न्हाईत." सगळी रुई गोदामात मोकळी पडलीय. एक ठिणगी पडली तर...

६ डिसें.
जालन्याचा प्रेसवाला तयार झाला. पहिला ट्रक भरताना जेठजी स्वतः आले. मधे कोणी निरोप्या न्हाई, समोरासमोर.
"एकानं दर पाडला की सगळे पाडतील. चौघं बुडतील, मंग तू बी."
खोटं बोलत न्हवते. भीती त्यांनाबी होती.
मी म्हटलं, "दर ठरवताना गाडीवाल्यांना कोणी विचारलं?"
"कोर्टात बोलू," म्हणाले अन् गेले.

१८ डिसें.
जिनिंग बंद करायचा मनाई हुकूम मागितलाय त्यांनी. उद्या तारीख. आवारात लोकांचा कापूस पडून. हुकूम झाला तर त्यांना काय तोंड दाखवू?
जेवताना सासूबाई म्हणाल्या, "मी बी येते उद्या कोर्टात."
कोणाच्या बाजूनं, ते मी विचारलं न्हाई.