वहिनीची पिशवी

३ सप्टेंबर

फाडला. आपाचा निळा सुती झगा. कात्री लावायची नाही, गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचं कापड हातानंच फाडायचं, हे आपानंच शिकवलेलं. पहिला चर्र आवाज झाला आणि मी थांबले. वाटलं, आता आतल्या खोलीतून ओरडेल — कुणी ओरडलं नाही.

आपाला जाऊन वर्ष होतंय, त्याचं जेवण अठ्ठावीसला. आलेल्या बायकांना कापडाचे तुकडे वाटायचे असतात. आपा नव्वदीपार जगली, तिच्या कापडानं दुसऱ्यांची लेकरं जगतात. मी नुसते तुकडे देणार नाही. जोडून पिशव्या शिवणार. जेवणातलं मांस, तळलेले पिठाचे बोरसोक लोक घरी नेतील ते त्यातून. प्लास्टिकमधून नाही! प्लास्टिक खाऊन मेंढी मेली तेव्हापासून आपा त्याला शिव्या घालायची. चहा, मीठ, चमचे — आमच्या घरात सगळ्याला कापडी पिशवी.

५ सप्टेंबर

वहिनी येऊन गेली. दारातच उभी. नजर आपाच्या कपड्यांच्या पेटीवर. म्हणाली, बायका हसतील, असल्या पिशव्या बाजारात परदेशी लोकांना विकतात. मग हळूच — पेटीत तळाशी काही पांढरं निघालं का?

पांढरं! आपा डोक्याला बांधायची तो फेटा हवा असणार तिला. मलमलीचा, अख्खं घर गुंडाळता येईल इतका लांब. सुनेला मिळतो तो, माहीत आहे. मी म्हटलं, पेटी माझी आहे. गेली.

वहिनी म्हणते मी तिला. जन्म तिनं दिला. पण मी थोरली, आणि थोरलं मूल आजी-आजोबांचं, इथे घरोघरी तसंच. चाळीसाव्या दिवशी आपानं, म्हणजे माझ्या आजीनं, मला उचलून आणलं आणि आपली लेक केलं. म्हणून बाप माझा दादा, आणि आई ती वहिनी. शेजारणीला वाडगा द्यावा तसं दिलं मला. नंतर चार झाली, ती ठेवली सगळी.

६ सप्टेंबर

बोटं सुजली. तरी मशीन नको.

११ सप्टेंबर

ताजीखान मावशी टाके घालायला येते. आपाची मैत्रीण, तिला बुरुल म्हणून नावानं हाक मारणारी एकटीच. दात नाहीत, दोरा तोडायला मला देते. माझा धावदोरा बघून म्हणाली, "बुरुलचाच हात. तोही असाच नशेत चालल्यासारखा." इतकी हसले की रडू आलं. आपाची फार आठवण येते. तिला न्हाऊ घालायची मी, भरवायची मी. शेवटी ती मला तिच्या आईच्या नावानं हाक मारायची. मी ओ द्यायची.

१२ सप्टेंबर

लिहूनच टाकते. गेल्या वर्षी मयताला लेकी तंबूत भिंतीकडे तोंड करून आक्रोश करत बसल्या. दादाच्या बहिणी दोघी. मी तिसरी बसायला गेले तर वहिनीनं बाहीला धरून मागे ओढलं. "तू नातींमध्ये बस." तीन दिवस मी चहा ओतला! आणि कुणी तरी विचारलं, ही कोण, तर म्हणाली, माझी मुलगी. तिची! एकदा तरी ताप आला तेव्हा उशाशी बसली होती का?

या वेळी दारात उभी राहून मीच वाटणार. लेकीचा मान आहे तो. बघू कोण बाही धरतं.

१८ सप्टेंबर

फेटा फाडला. प्रत्येक पिशवीला पांढरे बंद. वहिनीची सोडून.

मावशीनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, ते सुनेचं होतं गं. मी सुई ओवत राहिले.

२४ सप्टेंबर

वहिनीची पिशवी झाली. बाहेरून पिठाचं पोतं, आतून दादाच्या जुन्या कोटाचं अस्तर. आतल्या खिशाला पेटीच्या तळाचं एक फडकं लावलं. वीतभर, पिवळट, कडासुद्धा दुमडलेल्या नाहीत. आपा चष्मा पुसत असेल त्यानं. अर्धं पुरलं, उरलेलं चुलीत टाकलं.

एवढंच शोभतं तिला.

२८ सप्टेंबर

झालं जेवण. घोडी कापली, सगळं गाव आलं. मी दारात उभी होते, कुणी हटकलं नाही. बायका पिशव्या गालाला लावत होत्या.

वहिनी सगळ्यात शेवटी आली. हात भांड्यांच्या पाण्यानं ओले. पिशवी बघितली. बोरसोक घालायला हात आत घातला आणि तो बाहेर काढेचना. मग चहाच्या सामोवारजवळ जमिनीवर बसली, पिशवी मांडीवर, सगळ्यांदेखत. मला बरं वाटलं. लागलं म्हटलं एकदाचं.

२९ सप्टेंबर

सकाळीच आली. खिसा उसवून आणला होता. माझ्यासमोर पसरला.

"हे मी शिवलेलं. तू पोटात होतीस तेव्हा. माझ्या आजीच्या झग्यातून."

अंगडं! तान्ह्याचं पहिलं अंगडं. कडा दुमडत नाहीत, आधी कुत्र्याला घालतात, मग बाळाला, म्हणजे ते कुत्र्यासारखं चिवट होतं. मला कसं सुचलं नाही? किती बाळांचं पाहिलंय मी.

तिनं सांगितलं ते असं. चाळीसाव्या दिवशी आपा मला न्यायला आली. वहिनीनं मूल दिलं — एकोणीस वर्षांची सून, नाही कुणाला म्हणणार? अंगडं तेवढं मागितलं. दर वर्षी मागितलं. आपानं दिलं नाही.

"म्हणायची, अंगडं ठेवलंस तर उद्या मूल मागशील." वहिनी कपड्यावरून बोट फिरवत होती. "मागितलंच असतं मी."

माझी आपा. तिनं हे केलं.

मग म्हणाली, ही गळ्याची बाजू आहे. बाहीची कुठे?

३० सप्टेंबर

चुलीत, हे काल तोंडातून निघालं नाही. म्हटलं, आपानं कफनात सोबत नेली असेल.

वहिनीनं लगेच विश्वास ठेवला.