खोकणारा सी

३ नोव्हें.
इमारत पुनर्विकासाला जाणार, हे नक्की. महिनाअखेर हाटकेशला, भाड्याच्या जागेत. जागा लहान. बाबांच्या पियानोबाबत सौ.चा निर्णय : "नीट वाजत असेल तर येईल. फोटो मांडायला टेबल आहे माझ्याकडे."
रास्त आहे.
मधल्या सी स्वराची हातोडी डुलते, शेजारच्या तारेला घासते; बहुधा तिच्या स्क्रूचे भोक सैल झाले आहे. गिरगावात होतो तेव्हापासून तो स्वर खोकतो. ताई नि मी त्याला 'म्हातारा' म्हणत असू.

६ नोव्हें.
फळीच्या तुकड्यावर प्रयोग. भोकात खाण्याचा सोडा, वर सुपरग्लूचा थेंब. तत्क्षणी पांढरा दगड, स्क्रू शिरेना. लाकडाचा भुसा घातल्यास मात्र स्क्रू पकड घेतो. म्हणजे इथे भुसाच.
सौ. : "ढोकळ्याचा सोडा कुठे गेला?"
"पियानोने खाल्ला."
"फुगेल हं. मग दारातून निघायचा नाही."

९ नोव्हें.
हातोडीचा स्क्रू काढला. भोकात आधीपासूनच पांढरा दगड, आणि त्यात स्क्रूसाठी पाडलेले भोक तिरपे, म्हणूनच खोकला. हुबेहूब माझ्या फळीवरचा. म्हणजे बाबांनीही...
आठवले. मी शाळेत होतो. बाबांनी आईकडे सोडा मागितला होता. "पित्त झालंय." आईने आठवडाभर त्यांचा चहा बंद केला. बाबा निमूट दूध प्यायले. त्यांच्याकडे पियानो शिकायला येणाऱ्या मुलांना तो बिघडल्याचे कळू नये, एवढ्यासाठी!
तो दगड कोरून काढल्याशिवाय माझा भुसा धरणार नाही.

१० नोव्हें.
ताईला नाशिकला फोन. पित्ताचे ऐकून खूप हसली. मग : "काढू नकोस रे तो. सरळ वाजला तर आपला म्हातारा कसला?"
"सरळ वाजला नाही, तर इथेच राहील."


१४ नोव्हें.
कोरला. भुसा, थेंब, नवे भोक, स्क्रू. हातोडी सरळ. सी स्वच्छ. काम निर्दोष झाले आहे. बाबांच्या दगडाचा चुरा काडेपेटीत ठेवला.
ताईला फोनवर ऐकवला. "छान," म्हणाली. फार लवकर म्हणाली.

१५ नोव्हें.
सौ. उद्या सकाळी ऐकणार. मगच टेम्पोवाल्याला पियानोचे सांगायचे.
ती भाजीला गेली तेव्हा बसलो. स्क्रू अर्धा फेरा सैल केला. म्हातारा खोकला. पुन्हा वाजवला. पुन्हा.
ती आली. स्क्रू तसाच सैल, स्क्रूड्रायव्हर अजून पियानोवरच आहे.