घोडा आत असतो ती गाडी

प्रिय भाऊजी,

लॉन्ड्रीवाल्या वहिनीचे वाफाळते आशीर्वाद. तुमचा गुडघा कसा आहे? जिने टाळा, हे मी सांगते म्हणून ऐका. तुमच्या दादांचा सल्ला घेऊ नका, ते जन्मभर लोकांच्या लिफ्ट तपासत आले आणि स्वतः मात्र जिन्यानेच जातात. माझ्या धाकट्या जाऊबाईंचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. हे वाक्य नेहमीचं वाटेल, पण गेल्या आठवड्यात एक वेळ अशी आली होती की हे वाक्य पुन्हा कुणाला लिहिता येईल असं मला वाटलं नव्हतं. तेव्हा उभ्याने वाचू नका, बसा. ठमी जिवंत आहे. आई धडधाकट आहेत. दादांच्या खांद्याला मुका मार आहे. आता पहिल्यापासून सांगते.

आईंची घोडेस्वारीची शाळा बंद झाली तेव्हा बाकीची घोडी विकली गेली आणि ठमी उरली, कारण बुटकी, लठ्ठ आणि लाथाळ घोडी कुणी फुकटही नेईना. तेव्हापासून ती आमच्या लॉन्ड्रीमागच्या शेडमध्ये राहते. (हॉटेलवाल्यांनी चादरींना घोड्याचा वास येतो म्हणून तक्रार केली तेव्हा आई म्हणाल्या, लोकांना चांगला वास ओळखताच येत नाही.) गेल्या महिन्यात तिचा डावा डोळा लाल झाला, मग पाणी गळायला लागलं, मग त्यावर ढगासारखं काहीतरी धरलं. जनावरांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि बॅटरी खिशात टाकत म्हणाले, मोठ्या शहरातल्या (म्हणजे भाऊजी, तुमच्याकडच्या) इस्पितळात नेऊन शस्त्रक्रिया करा, नाहीतर डोळा गेला समजा. इस्पितळाने तारीखही दिली. घोडं अडलं ते न्यायचं कसं यावर. ट्रकवाल्यांकडे आमचं नाव काळ्या यादीत आहे, मागे एकदा ठमीने एका ट्रकचं मागचं फळकुट लाथेने रस्त्यात पाडलं होतं. तेव्हा ठरलं की आपलीच एक छोटीशी गाडी घ्यायची. (शेजारच्या शिंप्याला मी "घोड्याची गाडी घेतोय" म्हटलं, तर तो म्हणाला, लग्नकार्याला भाड्याने द्या, चांगली चालेल. त्याला समजावता समजावता माझा घसा बसला की अहो, घोडागाडीत घोडा बाहेर असतो, ही घोडा आत असतो ती गाडी.)

आता या खरेदीत तिघांची तीन मतं. आई म्हणायच्या स्वस्त हवी, दादा म्हणायचे सुरक्षित हवी, आणि चालवणार मी, म्हणून मी म्हणायचे की आमच्या बोळात वळेल एवढी लहान हवी. तारीख जवळ येत होती, डोळ्यावरचा ढग दाट होत होता, आणि आई रोज सकाळी शेडमधून परत आल्या की काही न बोलता चहा ओतून घ्यायच्या. आई बोलत नाहीत म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पहिली गाडी एका निवृत्त दातांच्या डॉक्टरांची. बाहेरून आरशासारखी चकचकीत, आत पडदे, गॅसची शेगडी, घडीचा पलंग. आई हरखल्या. मीही हरखले, खोटं कशाला बोलू. आमच्या स्वयंपाकघरापेक्षा ते स्वयंपाकघर बरं होतं. दादांनी मात्र गाडी भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर न्यायचा हट्ट धरला. परवान्यात जेवढं एकूण वजन मंजूर असतं त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं, उरेल तेवढाच घोडा, असा त्यांचा हिशेब. शेगडी, पलंग आणि आम्ही तिघं वजा जाता त्या गाडीत एक बकरी बसली असती, तीही उपाशी. दंतवैद्य म्हणाले, इतके दिवस कुणी विचारलं नव्हतं. दादा म्हणाले, उतारावर ब्रेक विचारतात.

दुसरी एका गालिचेवाल्याची, आणि भलतीच स्वस्त. आई तर तिथल्या तिथे पर्स उघडायला लागल्या. दादा खाली मान घालून आत शिरले आणि त्यांनी कोपऱ्यात चिकटवलेली रबराची चटई उचकटली. खाली लाकडी फळ्या होत्या. त्यांनी स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो लोण्यात सुरी जावी तसा मुठीपर्यंत गेला. वर्षानुवर्षं घोड्याचं मूत मुरून फळ्या भुसा झालेल्या. गालिचेवाला शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही खुपसलात म्हणून भोक पडलं. घोडा काय स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा राहतो?" हे उत्तर आईंना इतकं पटलं की घरी येईपर्यंत त्या दादांशी बोलल्या नाहीत. "धाकटा असता तर एव्हाना घोडी पोचली असती," एवढंच म्हणाल्या. (राग मानू नका. हे वाक्य आमच्या घरी मिठासारखं आहे, सगळ्यात पडतं. तुम्ही लहानपणी घोड्यावर बसलात, दादा खाली उभे राहिले, तेव्हापासून ते खालीच आहेत.)

तिसरी एका रोपवाटिकावाल्या बाईंची. रंग शिळ्या कोबीसारखा. मुलगी मोठी होऊन दूर गेली, तट्टू म्हातारं होऊन गेलं, गाडी उरली. दादा तिच्याखाली पाठीवर झोपून दोरीवर वाळत घातलेल्या पँटसारखे नुसते पायच दाखवत कितीतरी वेळ होते. जमीन धातूची आणि पक्की, वजन बसतं, ब्रेक उत्तम, टायरला भेगा म्हणून ते बदलून घ्यायचे. घोड्याच्या छातीपुढे गादी गुंडाळलेली एक आडवी दांडी असते, ब्रेक लागला की घोडा पुढे येऊ नये म्हणून. तिचं एक टोक बिजागरीत, दुसरं एका पिनेत, आणि ती पिन बाहेरून निघत होती. दादांना ते फार आवडलं. फक्त ती दांडी बाईंच्या, ठमीहूनही बुटक्या तट्टासाठी लावलेली, ठमीला खाली पडत होती. "वीतभर वर घ्यायला हवी," दादा म्हणाले. आणि इथे आईंचा संयम सुटला. त्या रोपवाटिकेत, परक्या बाईंसमोर म्हणाल्या, "घोड्यांच्या पाठीवर मी म्हातारी झाले. तू अजून ठमीला गाजर द्यायचं तर चिमट्यात धरून देतोस. दांडी मला शिकवू नकोस." दादा गप्प झाले. आमच्या घरी ते गप्प झाले की विषय मिटला असं आम्ही धरतो. मीही धरलं. गाडी घेतली, टायर बदलले, दांडी होती तिथेच राहिली.

निघालो त्या दिवशी ठमी निमूट चढली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी स्टिअरिंगवर, आई मध्ये, दादा खिडकीशी, मांडीवर हत्यारांची पिशवी. समोर एक छोटा स्क्रीन, त्यात मागचा कॅमेरा ठमी दाखवत होता. सपाटीवर सगळं ठीक होतं. उतार लागला तसा मी गिअर खाली उतरवला. लॉन्ड्रीची व्हॅन मी कशीही हाणते, चादरींना चक्कर येत नाही. पण मागे जिवंत वजन असलं की वळण तुम्ही घेत नाही, ते घेतं. मी गोगलगाईसारखी चाललेली, मागे गाड्यांची रांग, आणि एका बसवाल्याचा धीर संपला. त्याने अगदी आमच्या बगलेत येऊन हॉर्न वाजवला, लांबलचक.

मागे धाडकन आवाज झाला. गाडी एका बाजूला कलली, परत सावरली, परत कलली. स्क्रीनवर पाहिलं तर ठमीचं तोंड नको तेवढं मोठं दिसत होतं. ती पुढचे पाय उचलून उभी राहिली होती आणि खाली येताना दोन्ही पाय दांडीच्या अलीकडे आले होते. पोट दांडीवर, पुढचे खूर आमच्या पाठीमागच्या भिंतीवर धडधडत होते.

मी गाडी कडेच्या भिंतीला लावली. हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले. घाईत एक दगड मी माझ्याच पायावर ठेवला. दादांनी मागचा उतरता दरवाजा उघडू दिला नाही; धडपडत मागे घसरली तर पाठीवर रस्त्यात पडेल, म्हणाले. ते पिनेकडे धावले. पिन हलेना. हातोडी मारली, हलेना. घोडीचं सगळं वजन त्या टोकावर आलेलं. आत ठमी अशी ओरडत होती की तो घोड्याचा आवाज आहे हे मला पटत नव्हतं.

आई बाजूच्या छोट्या दाराने आत शिरायला निघाल्या. मी त्यांना पदराला धरून मागे ओढलं. (सासूला असं ओढायचा योग आयुष्यात एकदाच येतो, आणि तेव्हा मजा घ्यायला वेळ नसतो.) "सोड मला," आई म्हणाल्या, "ती मला ओळखते."

"आई, तू बाहेर राहा," दादा म्हणाले. हळू, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बोलतात त्या आवाजात. "हे ओळखीचं काम नाही, वजनाचं आहे. दांडी बोटभर उचलली की पिन सुटेल. उचलायला आतून कुणीतरी हवं." हातोडी माझ्या हातात दिली. "मी हो म्हटलं की मार. थांबू नकोस."

आणि भाऊजी, गाजर चिमट्याने देणारा तो माणूस दार उघडून त्या खुरांखाली गेला.

आई दारात गुडघ्यांवर बसल्या. एकदाही ओरडल्या नाहीत. ठमीला नव्हे, दादांना सांगत होत्या. "भिंतीला पाठ लावून सरक. तिच्या डोळ्यात बघू नकोस. आता वाक. अजून वाक, बाळा." मला बाहेरून काही दिसत नव्हतं. फक्त पिन दिसत होती. एक खूर लागल्याचा आवाज आला, पत्र्याचा नव्हे, मांसाचा. मग काहीच नाही. त्या वेळी मी काय काय कबूल केलं आणि कुणाकुणाशी नीट वागायचं ठरवलं ते इथे लिहीत नाही, त्यातलं बरंचसं माझ्या आता लक्षात नाही. मग आतून खरखरीत आवाज आला, "हो."

मी मारली. आणखी मारली. पिन निसटून माझ्या कानाजवळून गेली. दांडी पडली, गाडी दणकली, आणि सगळं शांत झालं. 

मी दाराशी गेले तर ठमी चार पायांवर उभी, अंगभर थरथरत. दादा तिच्या आणि भिंतीच्या मधल्या कोपऱ्यात उकिडवे, आणि तिने आपली हनुवटी त्यांच्या डोक्यावर टेकवलेली. त्यांचे डोळे मिटलेले. "गेली का ती?" त्यांनी विचारलं.

बाहेर आल्यावर ते भिंतीशी जाऊन ओकले. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभ्या राहिल्या, पदराने त्यांचं तोंड पुसलं. "दाढी कर रे," म्हणाल्या. एवढंच. पण मग गाडीत ठमीजवळ लोंबणारी दांडी बिजागरीतून काढून त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "कुठे लावायची ते मोज." दादांनी उरलेल्या वाटेसाठी ती वीतभर वर बांधली, लॉन्ड्रीच्या चादरी पिळून. मी इतकी हळू गेले की शेवटी एक सायकलवाला पुढे निघून गेला. बसवाला मागेच राहिला, इतर गाड्यांना अडवत, इस्पितळाच्या फाटकापर्यंत. त्याला शिव्या द्यायच्या म्हणून मी उतरले होते, तर तोच रडत होता.

ठमीच्या पायाला खरचटलंय, पोटाला सूज होती ती उतरली. शस्त्रक्रिया झाली. डोळा राहिला, डॉक्टर म्हणतात दिसेल, थोडं धुरकट दिसेल. आई सध्या इस्पितळाजवळच्या लॉजवर आहेत आणि भेटेल त्याला सांगतात की दांडी खाली लावलेली होती, ती चूक माझी. दादांसमोर अजून म्हणाल्या नाहीत, पण ते शेजारच्या खोलीत आहेत आणि तिथली भिंत पातळ आहे.

एवढं सगळं झालं तरी गाडी चांगली आहे, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. कुणी घेणार असेल तर कोबीचा रंग सोडून नाव ठेवायला जागा नाही. प्रकृतीला जपा, जाऊबाईंना सांभाळा.

तुमची,
वहिनी

ता. क. ठमीला गुरुवारी इस्पितळातून सोडणार आहेत, पण महिनाभर उतार-चढाव नको आणि दर दोन दिवसांनी डोळा दाखवायचाय. तुमचं गॅरेज इस्पितळापासून दोन गल्ल्यांवर आहे, आणि मागे हिरवळही आहे असं ऐकते.

ता. क. २. आई अर्थातच तिच्याबरोबर राहतील. दादाही. ते जवळ उभे नसले तर ठमी हल्ली वैरणीला तोंड लावत नाही. त्यांनी रजा घेतली आहे. मला लॉन्ड्री आहे, मी फक्त सोडायला येईन. (लग्नानंतर पहिल्यांदाच महिनाभर घरात एकटी राहणार आहे. कुणी विचारलं तर मला फार वाईट वाटतंय असं सांगा.)

ता. क. ३. हे बोलावणं तुम्ही आपणहून केलंत असं मी दोघांनाही सांगितलं आहे. आईंचे डोळे भरून आले, दादा म्हणाले धाकटा मनाने मोठा आहे. तेव्हा हे पत्र मिळाल्याबरोबर लॉजवर फोन करून त्यांना बोलवा. आणि जाऊबाई घराबाहेर असतील तेव्हा करा.