चार ॲम्प्लिफायर परत केले त्याची गोष्ट

प्रिय बारीकराव,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच बाजूला टाकशील, अशी पैज माझ्या बायकोने लावली आहे. म्हणते, "अकरा वर्षं जो तुमच्या वाऱ्याला उभा राहिला नाही, तो तुमचं पुराण वाचत बसणार होय?" मी म्हटलं, वाचेल. पत्र ॲम्प्लिफायरबद्दल आहे, आणि ॲम्प्लिफायरबद्दल कुणी चुकीचं काही बोललं की ती चूक दाखवल्याशिवाय बारीकरावाला घास गिळवत नाही. तेव्हा वाच लेका. यात चुका भरपूर आहेत.

नृत्यशाळावाल्या बाईंसमोर, तुझ्याच टेबलापाशी उभं राहून, "हा घुमतोय" असं मी म्हणालो आणि तुझी तीस ॲम्प्लिफायरची ऑर्डर गेली. त्याबद्दल आजवर मी तुझ्याशी चकार शब्द काढलेला नाही. आज काढणार आहे. पण माझी सवय तुला ठाऊक आहे, मी सरळ रस्त्याने कधी घरीसुद्धा गेलेलो नाही.

तर झालं असं की कारखाना मी मुलीच्या आणि जावयाच्या हवाली केला आणि घरी बसलो. मोटारींचं वाइंडिंग, पंपांची बेअरिंगं, सगळं आता तीच दोघं बघतात. अजूनही एखादी मोटार हट्टाला पेटली की जावई फोन मोटारीजवळ धरतो आणि मी इकडून सांगतो, मागचं बेअरिंग गेलंय, पुढच्याला हात लावू नकोस. बाकी दिवसभर मी घरात. आठवड्याभरात बायकोने माळ्यावरची खोकी खाली काढायला लावली. एका खोक्यात आपल्या तबकड्या निघाल्या, दुसऱ्यात माझा जुना रेकॉर्ड प्लेअर. "एक तर वाजवा, नाहीतर देऊन टाका," हा हुकूम. वाजवायला ॲम्प्लिफायर लागतो. माझा तो पाटीएवढा जुना मी कधीच मोडीत काढला होता. मग दुसरा हुकूम आला: जे काही आणाल ते दिवाणखान्यातल्या फळीवर, औषधांचा डबा आणि फुलदाणी यांच्या मधे बसलं पाहिजे. मी टेप लावून पाहिलं. नऊ इंच. "औषधांचा डबा हलवता येणार नाही का?" असं विचारलं, तर म्हणाली, "तुम्हाला हलवता येईल."

नऊ इंचांत ॲम्प्लिफायर! तुझ्या काळात नऊ इंचांत नुसता ट्रान्सफॉर्मर बसायचा. पण दुकानात गेलो तर भिंतभर असलेच डबे. काही तर साबणाच्या वडीएवढे. आणि प्रत्येकावर वॅटचा आकडा असा की एवढ्यात आमच्या कारखान्याची लेथ फिरेल. मी दुकानातल्या मुलीला विचारलं, एवढा जोर या चिमुरड्यात कुठून येतो? तिने डब्याबरोबरचा अडॅप्टर दाखवला. तो डब्यापेक्षा मोठा! म्हणजे गड्या, बिऱ्हाड तेवढंच आहे, फक्त अर्धं सामान फळीखाली लपवायचं.

ही मुलगी चष्मेवाली, कमी बोलणारी, आणि हसू आलं की खाली बघणारी. तिने आधी एकच प्रश्न विचारला, "काका, रेकॉर्ड प्लेअर जोडणार असाल तर त्याच्यासाठी वेगळी जोडणी असलेलाच घ्यायला लागेल. सगळ्यांना नसते." मनात म्हटलं, चला, कुणीतरी शिकलेलं आहे. पण तिचा मालक मधे आला आणि त्याने पहिला डबा गळ्यात मारला. त्याला एकही बटण नाही, वर नुसती गुळगुळीत काच. आवाज वाढवायचा तर काचेवर बोट फिरवायचं. मी फिरवलं, काही नाही. पुन्हा फिरवलं, काही नाही. तिसऱ्यांदा असा गरजला की बायकोच्या हातातली बशी पडली. शिवाय चालू केला की आतून एक बाई मला सांगणार, मी तयार आहे. अगं, तू तयार आहेस, मी नाही ना! आणि हे सगळं सहन केलं असतं, पण तबकडी लावली आणि दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत मला ऐकू आलं. घूं. बारीक, खालच्या पट्टीत, पण घूं.

बायको म्हणाली, "मला काही ऐकू येत नाही." आमची मुलगी म्हणाली, "बाबा, पंख्याचा असेल." पंखा बंद केला. घूं. फ्रिज बंद केला, दूध नासलं, घूं तशीच. डबा परत.

दुसरा मी स्वतः निवडला. समोर दोन गोल बटणं, एक आवाजाचं, एक निवडीचं, बस्स. आवाजाचं बटण असं फिरायचं की जणू तेलात बुडवलंय, आणि मधेच थांबवलं की नेमकं तिथेच थांबायचं. बाई आत नाही. निळे दिवे नाहीत. सव्वाआठ इंच. मला तो पाहताक्षणी आवडला, आणि तबकडी लावली तर घूं. असा संताप आला की सांगता सोय नाही. परत. तिसऱ्याला मोबाईलवर आधी नाव नोंदवायचं, मग जन्मतारीख द्यायची, मग तो वाजणार. जन्मतारीख कशाला? माझ्या वयाला झेपेल एवढाच आवाज देणार आहे का हा? नोंदवली. घूं. परत. चौथा मालकाने "खास तुमच्यासाठी" म्हणून आतल्या खोलीतून आणला, धूळ पुसून. त्याचा रिमोट एवढासा की तो सोफ्याच्या फटीत गेला आणि त्याच्या शोधात माझं हरवलेलं पेन सापडलं, तेवढाच त्या डब्याचा फायदा. घूं.

यात तीन आठवडे गेले. घरात मी जेवताना तेच, चालताना तेच. हल्ली धंद्यात कुणाला लाज राहिलेली नाही, कान असलेला माणूस आता या जगाला नको आहे, वगैरे. बायको शेवटी म्हणाली, "अहो, त्या डब्यांपेक्षा तुम्हीच जास्त घुमताय." मी काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो. चौथा डबा काखेत मारून दुकानात गेलो आणि मालकाला चार गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं, की तुमच्या दुकानात एकही धड वस्तू नाही, हे मी सांगतोय आणि माझे कान या बाजारात तीस वर्षं चालले आहेत. मालकाने हात जोडले. ती चष्मेवाली डब्याची वायर गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "काका, एखादा वाईट निघेल. चार वेगवेगळ्या कारखान्यांचे चारही वाईट निघतील असंही धरून चालू. पण चारही अगदी सारखेच वाईट कसे निघतील?"

बारीकराव, मी तिथेच स्टुलावर बसलो. हे वाक्य माझं आहे. कारखान्यात नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी हेच शिकवतो: चार मोटारी एकाच जागी जळल्या तर मोटारीला शिव्या देऊ नका, जागा बघा. तीस वर्षं लोकांना शिकवलं आणि माझ्या घरात चार डब्यांमधे सारखं काय होतं हे बघायला मला ती पोर लागली. तिने चौथा डबा पुन्हा माझ्या हातात दिला. म्हणाली, "आज घरी जाऊन फक्त प्लेअर काढून ऐका. एक मिनिट लागेल."

आता तुला ते आठवलं असेल. मला तर दुकानापासून घरापर्यंत दुसरं काही आठवत नव्हतं. त्या दिवशी तूही हेच म्हणाला होतास. ओठ सुकलेले, हातात अजून सोल्डरिंगची काडी धरलेली, आणि तू म्हणालास, "एकदा प्लेअर काढून ऐक ना. एक मिनिट." आणि मी बाईंकडे बघून हसलो आणि म्हणालो, "माझ्या कानांना आता हा शिकवणार!" बाई हसल्या, त्यांचा हिशेबनीस हसला. तू काडी खाली ठेवलीस. तू मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतंस रे, आणि मी न्यायाधीश होऊन बसलो.

घरी आलो. प्लेअरच्या दोन्ही तारा डब्यातून उपसल्या, आवाज पूर्ण वाढवला. काही नाही. विहिरीच्या तळाशी असते तशी शांतता. मग प्लेअर उलटा केला. आवाजाच्या दोन तारा असतात, आणि त्यांच्याबरोबर एक बारीक तिसरी, अर्थिंगची. ती बोटभर बाहेर येऊन संपलेली होती. तुटलेली नाही, कापलेली. सरळ, पक्कडीने. आणि ती पक्कड कुणाच्या हातात होती हेही मला आठवलं. तुझ्याकडे यायच्या आदल्या संध्याकाळी मी तो प्लेअर बांधत होतो, कारण मला हौस, माझ्याच प्लेअरवर माझीच ओळखीची तबकडी वाजवून बाईंना दाखवायची. त्या तारेचं टोक जुन्या ॲम्प्लिफायरच्या स्क्रूखाली अडकलं होतं. स्क्रू गंजलेला. पेचकस शोधायला उठायचा कंटाळा आला. म्हटलं, आवाजाच्या दोन तारा आहेत ना, ही तिसरी कशाला लागतेय, आणि कापली. दुसऱ्या दिवशी तुझा ॲम्प्लिफायर घुमला. घुमणारच. कुणाचाही घुमला असता. त्यानंतर तो प्लेअर माळ्यावर गेला, कारण तुझ्याशिवाय तबकड्या ऐकायला बसणार कुणाबरोबर? म्हणून अकरा वर्षं मला कळलं नाही. कळून घ्यायची एक मिनिटाची संधी होती, ती मी हसण्यावारी नेली.

तारेचं टोक सोललं, वीतभर तार जोडली, डब्यामागच्या स्क्रूखाली आवळली. चारही डब्यांना पाठीमागे तो स्क्रू होता, आणि चारही वेळा मी तो उगाचच दिलाय असं समजलो होतो. घूं गेली. बायको म्हणाली, "झालं एकदाचं? आता तरी हसा." मला ते जमलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी मालकाची माफी मागितली, तीही गिऱ्हाइकं यायची वाट बघून, त्यांच्यासमोर. तो आधी घाबरलाच, त्याला वाटलं मी पुन्हा भांडायला आलोय. आणि चौथा परत देऊन तो दोन बटणांचा, सव्वाआठ इंची, घेऊन आलो. चष्मेवाली खाली बघत होती. फळीवर छान बसलाय. खोलीएवढं गातो, उगाच मोहल्ल्याला ऐकवत नाही. तुला आवडला असता, फक्त मागचं एखादं डाग दिलेलं टोक बघून तू नाक मुरडलं असतंस.

मग मी नृत्यशाळावाल्या बाईंकडे गेलो. त्या आता काठी घेऊन चालतात, पण पाठ अजून ताठ आहे. सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं आणि विचारलं, "कुठले ॲम्प्लिफायर?" त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. वर म्हणाल्या, "आणि आमच्याकडे तबकड्या कधी नव्हत्याच, सगळं सीडीवर चालायचं." म्हणजे माझ्या प्लेअरची तिथे गरजच नव्हती. त्यांच्या जे त्याच संध्याकाळपर्यंतही लक्षात राहिलं नसेल, त्यापायी तू तीसही कॅबिनेटं मोडलीस, सोल्डरिंगची काडी टाकलीस आणि लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत नोकरी धरून गाव सोडलंस. तुझा हा पत्ता मला सुट्या भागांच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने दिला. देताना म्हणाला, "त्याने मला एकदाच विचारलं होतं, खरंच घुमत होता का हो? मी म्हटलं, कानसेन म्हणतो म्हणजे घुमत असेल." हे ऐकल्यापासून मला माझं हे बाजारातलं नाव नको झालंय. तू स्वतःच्या हातांवर संशय घेतलास, कारण माझ्या कानांवर कुणी घेतला नाही.

फोन करता आला असता. नंबरही म्हाताऱ्याकडे होता. पण फोनवर मी विनोद केला असता, तू "जाऊ दे रे" म्हणाला असतास, आणि दोष तुझ्याच हातांत होता असं तुझ्या घरच्यांनी अकरा वर्षं जे धरून ठेवलंय ते तसंच राहिलं असतं. आमच्या कारखान्यातून कुठलीही मोटार बाहेर पडते तेव्हा तिला एक चिठ्ठी बांधलेली असते. दोष काय होता, कशामुळे आला, आणि खाली तपासणाऱ्याची सही. चिठ्ठीशिवाय मी आजवर एक पंपसुद्धा सोडलेला नाही, फक्त तुझा ॲम्प्लिफायर मी तोंडी मोडीत काढला. त्याची चिठ्ठी द्यायची राहिली होती, ती देतोय. बाकीचं पत्र हवं तर फाड, पण एवढा तुकडा वहिनींना वाचून दाखव आणि मुलाच्या हातात दे. माझ्या हातचं अक्षर आहे, कुणालाही दाखवता येईल. वस्तू: घरगुती वापराचा छोटा ॲम्प्लिफायर, बनवणारा बारीकराव. तक्रार: घुमतो. तपासणीत आढळलं: ॲम्प्लिफायरमधे कोणताही दोष नाही, कधीही नव्हता. प्लेअरची अर्थिंगची तार कापलेली. कापणारा आणि चुकीचा निकाल देणारा, एकच इसम, खाली सही करतो आहे.

तुझाच,
ज्याच्याकडे तू एक मिनिट मागितलं होतंस तो