अकरा फुटांचा उंदीर

७ एप्रिल, सोमवार

राजीनामा दिला! फॉर्मवर 'सोडण्याचं कारण' म्हणून चारच चौकोन — निवृत्ती, दुसरी कंपनी, आजारपण, मृत्यू. मी म्हटलं, मला गणपती करायला शिकायचंय, कुठे टिक करू? एचआरमधली पूर्वी नावाची मुलगी बराच वेळ पेन चावत बसली. मग म्हणाली, "सर, आजारपण करू या का? मृत्यूला नातेवाइकांची सही लागते."

दिघे साहेबांनी — आमचे जनरल मॅनेजर — त्यांचा ठरलेला चेहरा केला. नाही म्हणायच्या आधी ते ओठ पुढे काढतात, डावी भुवई वर नेतात आणि तसेच थांबतात. तेवीस वर्षं हा चेहरा बघतोय. 'साहेब, इथे खणू नका, तेल नाही, पाणी लागेल' — ओठ पुढे. 'साहेब, हा दगड वेगळा दिसतोय' — ओठ पुढे. आज शेवटी म्हणाले, "तू? मातीत खेळणार? सप्टेंबरअखेरपर्यंत तुझी जागा भरत नाही. येशीलच."

दगड वाचून तेलासाठी सुचवलेल्या एक्केचाळीस विहिरी. तेहतीस कोरड्या. लागल्या त्या आठसुद्धा कोणाला दाखवता येत नाहीत, समुद्राच्या तळाखाली दोन किलोमीटर! मला डोळ्यांना दिसेल असं काहीतरी करायचंय. बस.

८ एप्रिल, मंगळवार

बायकोला सांगितलं. रश्मी म्हणाली, "वेडा हो, पण गणपतीपर्यंतच. विसर्जनानंतर परत शहाणा हो." हे तिचं हो म्हणणं. चहा मात्र बिनसाखरेचा दिला.

१५ एप्रिल, मंगळवार

लालबागला तात्यांच्या कारखान्यात पहिला दिवस. तात्या बहात्तर वर्षांचे, मूळचे कुडाळचे. पन्नास वर्षं घरगुती मूर्ती करतात, शाडूच्या. मी सगळं शिक्षण सांगितलं. एमएस्सी, बत्तीस महिने परदेश, रिगवर चारशे दिवस. ते ऐकून घेऊन म्हणाले, "माती मळूक येता?"

नाही येत.

"मग पॅन्ट दुमड."

२२ एप्रिल, मंगळवार

आज न राहवून माती भिंगाखाली घातली. तात्यांना समजावलं — यात कण फार बारीक आहेत, म्हणून सुकताना आकसते, म्हणून बोटं तडकतात. थोडी जाड माती मिसळली तर... तात्यांनी पूर्ण ऐकलं. भिंगातून पाहिलं पण. म्हणाले, "ह्यां माका म्हायत आसा. पन नाव ठाऊक नव्हता." मग मी पुढचे सहा तास मळत होतो. पाठ गेली!

३ मे, शनिवार

बढती! उंदीर मिळाले. नवीन माणसाने दोन वर्षं फक्त उंदीर करायचे, असा नियम आहे. गणपतीच्या पायाशी बसतो तेवढाच, लिंबाएवढा. दिवसभरात अकरा केले.

संध्याकाळी तात्या एकेक उचलून बघत बसले. "ह्यो उंदीर असो कित्याक बघता रे?"

कसा?

"जसो काय मी सुट्टी मागलंय."

१८ मे, रविवार

रश्मी डबा द्यायला आली. फळीवर दीडशे उंदीर वाळत होते. तिने डबा ठेवला, खाली वाकली, आणि एकदम तोंडावर हात! "अरे माधव, हे दिघे आहेत!"

नाही नाही म्हणत मीही वाकलो. पुढे काढलेले ओठ. डावी भुवई वर. दीडशे दिघे साहेब, ओळीने, मोदक धरून.

१० जून, मंगळवार

बदलायचा प्रयत्न करतोय. परवा मुद्दाम रश्मीच्या मामाचा विचार करत केला. दिघे. काल कुणाचाच विचार न करता केला. जास्तच दिघे. आज डोळे मिटून केला. तात्या म्हणाले, "ह्यो तर बोलतलो आता."

गंमत म्हणजे गिऱ्हाइकांना आवडतायत! हिंदमाता मार्केटमधला एक साडीवाला मूर्ती ठरवायला आला तेव्हा नुसता उंदीरच मागून घेऊन गेला. आज परत आला, अजून दोन हवेत म्हणाला. गल्ल्याजवळ ठेवलाय. "अहो, याच्यासमोर कोणी भाव कमी कर म्हणतच नाही."

२ जुलै, बुधवार

काळाचौकीच्या एका मंडळाचा अध्यक्ष आला. निलेश नाव, तिशीतला, गळ्यात दोन मोबाइल. साडीवाल्याकडे उंदीर पाहिला म्हणे. "काका, असाच पाहिजे. अकरा फूट."

तात्या म्हणाले, गणपती किती फुटांचा?

"गणपती पाच फूट. गल्लीच्या तोंडाशी वायरी आहेत ना, मोठा आत येत नाही. पण उंदीर आपण आतच बनवू! कुणाच्या बापाला कळतंय?"

उंदराच्या कानात इच्छा सांगायची म्हणून कानापर्यंत लाकडी जिना. एका कानात सांगताना दुसरा कान झाकावा लागतो — नाहीतर इच्छा पलीकडून निघून जाते — त्यासाठी दुसऱ्या बाजूला परात धरून एक कार्यकर्ता. दोन पाळ्या. सगळं ठरवूनच आला होता.

तात्यांनी माझ्याकडे बोट केलं. "उंदीर ह्येच्याकडे."

१४ जुलै, सोमवार

बांबूचा सांगाडा उभा राहिला. वरून कागदाचा लगदा आणि माती. मी पोटात उभा राहून गाठी मारत होतो तेव्हा फोन वाजला. दिघे साहेब!

"आवाज घुमतोय. कुठे आहेस?"

आता काय सांगू? तुमच्या पोटात?

म्हटलं, "कामावर, साहेब."

म्हणाले, "इथे कोणी उरलं नाही रे. नवीन मुलं कॉम्प्युटरवरच दगड बघतात. ये परत." तेवीस वर्षांत पहिल्यांदा ओठ पुढे न काढता बोलले असावेत. अर्थात फोनवर दिसत नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

वाईट दिवस.

तात्यांनी नियम मोडून मला गणपती दिला. दीड फुटाचा, फक्त चेहरा कर म्हणाले. तीन दिवस घेतले. श्वास धरून काम केलं. आज संपला. मागे सरकून बघितलं. सोंड होती, दात होता, कान सुपासारखे होते. आणि तरीही दिघे साहेब.

तात्यांनी ओला फडका टाकला वर. रागावले असते तर बरं झालं असतं. शेजारी बसले, तंबाखू मळली. "तुज्या हातात एकच चेरो आसा, माधव. उंदराक चलता. देवाक नाय चलूचो."

मी म्हटलं, शिकेन की, वेळ लागेल.

"माझो धाकटो भाव सात वर्सां शिकलो. त्येच्या हातात आमचे वडील होते. मगे पोस्टात लागलो."

फडका काढला, मूर्ती मोडून आम्ही दोघांनी परत माती केली. तीच मळली. मला रडू आलं ते तात्यांनी पाहिलं नाही असं दाखवलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

रश्मीला सांगितलं. ती चिडवेल वाटलं होतं. "मला तो उंदीर आवडला होता रे," एवढंच म्हणाली. चहात साखर होती. त्यामुळे अजूनच वाईट वाटलं.

साहेबांना मेसेज केला — एक ऑक्टोबरला हजर होतो.

अंगठ्याचं चिन्ह आलं.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणेश चतुर्थी. गणपती पाच फुटी, देखणा, तात्यांच्या हातचा. पण रांग उंदराची! गल्लीबाहेर, नाक्याच्याही पुढे. कोणीतरी व्हिडिओ टाकला म्हणे. 'कडक उंदीर' म्हणतात त्याला. निलेश मला मिठी मारून म्हणाला, "काका, याच्याकडे बघून लोक एकच इच्छा मागतात. उगाच यादी वाचत नाहीत!"

२९ ऑगस्ट, शुक्रवार

माणसं जिन्यावरून रेलतात त्याने कानाला भेग गेली. रांग थांबवायला निलेश तयार नाही. मग मी पाठीमागच्या झडपेतून आत शिरलो, बांबूंवर पाय ठेवत डोक्यापर्यंत चढलो आणि आतून लिंपायला लागलो. बाहेर लोकांचं चालूच.

सगळं ऐकू येतं!

"मुलाला अकरावीला इथलंच कॉलेज मिळू दे." "सासूबाईंचा गुडघा." "नव्या इमारतीत आमची खोली रस्त्याच्या बाजूची यावी." एक आजोबा नुसते "बरा आहेस ना?" विचारून उतरले. दिघे साहेबांच्या कानात एवढी माणसं एका दिवसात बोलली! एरवी केबिनबाहेर पाऊण तास बसून आम्ही न बोलताच परत जायचो.

हाताला माती, अंगाला घाम, नाकात लगद्याचा वास. महिन्याभराने परत एसीत बसायचंय. बरंच आहे. माणसाने आपल्याला काय येतं ते ओळखावं.

१ सप्टेंबर, सोमवार

परातवाला कार्यकर्ता जेवायला गेला आणि परात धरायला कोणीच नव्हतं. एक बाई जिन्यावरून उतरेनात. "माझी इच्छा पलीकडून गेली. मला परत सांगू द्या!" अर्धा तास भांडण. शेवटी निलेशने लेखी माफी दिली, मंडळाच्या लेटरहेडवर.

५ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या विसर्जन. सकाळी परत आत होतो, दुसरी भेग. नाकपुडीच्या भोकातून सहज बाहेर बघितलं आणि हातातला गोळा सुटला. रांगेत दिघे साहेब! एकटेच. ऑफिसच्या दिवशी, साध्या शर्टात, हातात जास्वंद.

जिन्याच्या खाली थांबले. वर उंदराकडे बघत राहिले. किती वेळ! मागचे ओरडायला लागले. मी आत मान खाली घालून बसलो, जणू त्यामुळे बाहेरचं तोंड बदलणार होतं.

मग पायऱ्या वाजल्या. एकेक. फूल कानाच्या कडेला टेकवलं. परात लागली. आणि माझ्या कानापासून वीतभर अंतरावर, असा आवाज मी कधीच ऐकला नव्हता त्यांचा —

"मलाही सोडव रे त्या केबिनमधून. माधवला जमलं ना, काही महिने का होईना."

मी काहीच ठरवलं नव्हतं. आतून म्हटलं,

"बरं."