मामाचा उजवा हात

ता. ९ ऑगस्ट

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. भाऊजींचा खोकला उतरला असेल. तू नेलेला डबा सावकाश परत कर, घाई नाही.

आज कपडे वाळत घालताना स्टुडिओतली आपली पहिली तालीम आठवली. लाकडी पार्टिशनमागे आपण दोघी चिकटून उभ्या. माझा उजवा हात आपल्या बाहुल्याच्या, ढब्बूमामाच्या डोक्यात, डावा त्याच्या डाव्या बाहीत. आणि माझ्या काखेखालून पुढे आलेला तुझा हात म्हणजे मामाचा उजवा हात. मध्येच मामाने कान खाजवला. कॅमेरामन हसून खाली बसला. मी कुजबुजले, "हे कुठे लिहिलंय?" तू म्हणालीस, "ताई, खाज मला सुटलीय, पण माझ्या कानापर्यंत हात पोचेना. म्हटलं, निदान मामाची तरी सोय होऊ दे!" पुढे टीव्हीवर मामा कान खाजवल्याशिवाय कधी बोललाच नाही. लोक विचारायचे, दोन जावा एका बाहुल्यात, भांडत कशा नाहीत?

नाट्यगृहातलं सांगायचं तर रविवारचा खेळ आहेच. तुझ्या जागी एक मुलगी बघतो, असं दिग्दर्शक मंगळवारी म्हणाले. मी मान हलवली.

डॉक्टरांकडे जाऊन आले. वयोमानाने होतं म्हणाले, गोळ्या दिल्यात. डावा हात. कप आता उजव्यानेच धरते.

पुढचं टाळायला डब्याचं लिहीत बसले, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

त्या दिवशी मामाने दोन्ही हातांनी धरलेला कंदील पडला. पुढच्या रांगेतलं एक मूल दचकून रडलं. दिग्दर्शकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "कोणाचा हात सुटला?" आणि मी म्हणाले, "हिचं हल्ली लक्षच नसतं." कापडाच्या आत कोणाचा हात, हे बाहेरच्यांना कुठे दिसतं? तू माझ्याकडे पाहिलंस, बाहीतून हात काढलास, पर्स उचललीस आणि "येते ताई" एवढंच म्हणालीस. कडाकडा भांडली असतीस तर बरं झालं असतं.

त्याहून वाईट म्हणजे, मला सगळं ठाऊक होतं. कित्येक खेळांत मामाचा उजवा हात हळूच त्याच्या डाव्यावर येऊन बसायचा. मुलांना वाटायचं, मामा लाजतोय. तू माझा कापरा हात दाबून धरायचीस, एक अक्षर न बोलता. मी कधी आभार मानले नाहीत. मानले असते तर हात कापतो हे कबूल करावं लागलं असतं.

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या, सगळ्यांसमोर खोटं बोललात ना, मग सगळ्यांसमोरच उभ्या राहा. काल तालमीला सगळे जमल्यावर उभी राहिले. कंदील माझ्या हातून पडला, म्हणाले. मामाला शिवणाऱ्या शिंप्याने माझ्यासाठी खुर्ची सरकवली. तिच्यावर बसताना मेल्याहून मेल्यासारखं झालं गं.

आता ऐक. मामाचं डोकं आणि डावी बाही तुझी. मानेतली स्प्रिंग सैल झालीय, शिंप्याला दाखव. मामाचा टीव्हीच्या वेळचा जुना चष्मा तुझ्या नातीला दे, मामाला बघितल्याशिवाय ती जेवायची नाही. कंदील सामानवाल्याला परत कर; कडी मी नवीन लावून घेतलीय.

उजवी बाही अजून कोणालाच दिलेली नाही. माझा उजवा हात कापत नाही. त्या मुलीला घ्यायचं की मला तुझ्या पाठीमागे उभं करायचं, ते तू ठरव. जे ठरवशील ते दिग्दर्शकांनाच सांग, मला नाही सांगितलंस तरी चालेल.

नावापुरती थोरली,
ताई