पणजोबांच्या गलबताला प्लायवूड नको

प्रिय अक्षया,

बाय, कशी आहेस गो? इथे आरोंद्याला सगळं बरं, फक्त माझं डोकं फिरलंय. तुझ्या पणजोबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, ते गलबताचं चित्र. शिडाखाली ते स्वतः उभे आहेत, त्यांची दुसरी छबी घरात नाही. भिंत रंगवायची म्हणून उतरवताना तुझ्या बाबाच्या हातून निसटलं आणि खुर्चीचा कोपरा कॅनव्हासातून आरपार. वीतभर फाटलं.

आणि मी शहाणी! पिंगुळीचे चित्रकथीवाले कागदाला कागद खळीने चिकटवतात, मग आपण का नाही? तांदळाची खळ केली, जुन्या लुगड्याचा तुकडा मागून लावला. खळ वाळली, तुकडा आखडला, आणि पुढून गलबताच्या पोटावर ठिगळाचा चौकोन उठला. फोनवर तू म्हणालीस, आजी, आता हात लावू नको, उताणं ठेव. तेव्हापासून ते माझ्या खाटेवर आणि मी खाली चटईवर. कंबर बोंबलते.

पण लोकांचं काय करू? फ्रेमवाला प्रीतम रोज हजर. "आजये, प्लायवूडवर गोंदान चिकटवतंय, शंभर वर्सां हलाचा नाय." अरे मेल्या, तेच तर नको! आपल्या दमट हवेत लाकूड फुगलं की कॅनव्हासाने कुठे जायचं? आणि तो गोंद पुन्हा सोडवायचा कोणी? शेजारची रुक्मिणी म्हणते, मागून मेण ओत. तुझं सांगणं सांगून सांगून माझी जीभ झिजली. पुढे काढता येणार नाही ते लावायचंच नाही. काठांना नव्या कापडाच्या पट्ट्या, आणि मागे दुसरं कापड नुसतं ताणायचं, चिकटवायचं नाही. बाळंतिणीच्या पाठीला उशी देतात, शिवून टाकत नाहीत, असं सुनावलं रुक्मिणीला. म्हणते कशी, "म्हातारे, ह्या तू खंय शिकलंस?" म्हटलं, माझी नात जुनी चित्रं दुरुस्त करायला शिकते मुंबईत! तिचं तोंड बघायला हवं होतंस.

तुझ्या बाबाचं मात्र वेगळंच. तू इंजिनिअरिंग सोडून या कामाला लागलीस, त्याला दोन वर्षं झाली. तो तुझं नाव काढत नाही, तू त्याचं काढत नाहीस, आणि मी मध्ये भरडली जाते. दोघांचा सारखाच राग येतो मला. काल प्रीतम प्लायवूड कापूनच घेऊन आला. मी ओरडणार, तोच तुझा बाबा, सुदेश, दारात आडवा. "हात लावू नको. ह्येतला माझ्या चेडवाक कळता."

माझ्या चेडवाक म्हणाला गो, माझ्या लेकीला! फोनवर सांगायला गेले असते तर रडलेच असते, म्हणून लिहिते. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला, म्हणाला, आये, तूच विचार ती कधी येता, मी सावंतवाडीक गाडी घेवन जातंय. स्वतः विचारायचा धीर नाही त्याला. तर बाय, कुठल्या रेल्वेने येतेस ते मला नाही, त्याला कळव.

तुझीच, आज फार खूश,
हौसाआजी